रोहित्र हाही एक बंधाराच

खानदेशातील बागायतीचा संसार आज विजेच्या तारेवर उभा आहे. रावेर-यावलची केळी असो, चोपड्याचा कापूस असो किंवा साक्रीचा कांदा असो, विहिरीचे पाणी पिकाच्या मुळाशी पोहोचविण्याचे काम मुख्यतः विद्युतपंपच करतो. मोट केव्हाच थांबली. त्यामुळे पंपाला मिळणारी वीज कशी वापरली जाते, हा प्रश्न वीज कंपनीइतकाच शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे महावितरणच्या जळगाव परिमंडलात येतात. रब्बीचा हंगाम आला की महावितरणकडून शेतकऱ्यांना दोन गोष्टींचे आवाहन केले जाते : पंपाला कपॅसिटर बसवावा व ऑटोस्विच काढून टाकावा. दोन्ही सूचना शास्त्रशुद्ध आहेत. त्या मागील कारण मात्र शेतकऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. हा झटका काही क्षणांचा असतो. परंतु एका रोहित्रावरील पंधरा-वीस पंपांना ऑटोस्विच असतील, तर वीज येताच ते सर्व एकदम सुरू होतात आणि तो सगळा भार एकाच क्षणी रोहित्रावर पडतो. फ्यूज उडतात, दाब कोसळतो, तेल तापते आणि एखाद्या दिवशी रोहित्र जळते. मग नवे रोहित्र येईपर्यंत ऐन फुलोऱ्यातील हरभरा व निसवणीला आलेली केळी पाण्यावाचून ताटकळतात.

कपॅसिटरचे काम याहून शांत, पण तितकेच मोलाचे आहे. मोटर जो प्रवाह घेते त्याचा काही भाग प्रत्यक्ष कामी न येता तारांतून नुसता ये-जा करीत असतो. कपॅसिटर हा भाग जागच्या जागी पुरवितो. पॉवर फॅक्टर ०.७० वरून ०.९५ वर गेला, तर तेवढ्याच कामासाठी तारेतील प्रवाह सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो व तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. पाच अश्वशक्तीच्या पंपास साधारणतः २ केव्हीएआर व साडेसात अश्वशक्तीच्या पंपास ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर पुरतो.

असे असूनही हे आवाहन बहुधा कागदावरच का राहते? त्याचा दोष केवळ शेतकऱ्याच्या आळसाला देणे न्यायाचे नाही. कपॅसिटरचा लाभ तारेला व रोहित्राला होतो. तो एकट्याने बसविला तर त्याच्या बिलात विशेष फरक पडत नाही. वीस जणांपैकी एकाने बसविल्याने रोहित्रही वाचत नाही. ऑटोस्विचची गोष्ट तर अधिक उघड आहे. वीजपुरवठ्याची पाळी रात्रीची असली की पौषाच्या थंडीत, सापकिरडू व बिबट्याच्या भयात शेतावर जाण्यापेक्षा शेतकरी यंत्रावर विसंबतो. ही त्याची सवय नसून अडचण आहे.

जो लाभ सर्वांचा आहे, तो सर्वांनी मिळूनच साधावा लागतो. हा धडा खानदेशाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. पांझरेच्या काठची फडपद्धती काही शतके चालत आली. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी ठरवावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने पाळीने द्यावयाचे. पाणी कमी असले तर भिजणारे फड कमी करावयाचे. पण वरच्याने सगळे पाणी अडवून खालच्याचे शेत सुकवावयाचे नाही. रोहित्र हाही असाच एक सामाईक बंधारा आहे. त्याची क्षमता ठरलेली आहे आणि एकाची घाई दुसऱ्याच्या पिकाला भोवते.

म्हणून महावितरणने आपले आवाहन एकेका ग्राहकापुरते न ठेवता रोहित्रावरील गटापुढे मांडावे. हंगामापूर्वी गटाची बैठक शेतावरच भरवावी. प्रवाहमापक लावून कपॅसिटरपूर्वीचा व नंतरचा आकडा सर्वांसमक्ष दाखवावा. एक आकडा डोळ्यांनी पाहिलेला शंभर पत्रकांपेक्षा अधिक पटतो. गटानेही पंप सुरू करण्याचा क्रम ठरवून घ्यावा.

याबरोबरच दिवसाची वीज हे महावितरणचे कर्तव्य ठरते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली याच हेतूने सुरू झाली. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीच उभा राहिला. खानदेशाच्या उन्हाचे मोल त्याने सिद्ध केले आहे. दिवसा खात्रीची वीज मिळाली, तर ऑटोस्विच काढा असे सांगण्याचा अधिकार महावितरणला खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने मोफत वीज देऊ केली आहे. मग बचत कशासाठी, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर विहिरीत आहे. पंप व मोटरीची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर १०,००० लिटर पाणी १०० फुटांवरून उचलण्यास सुमारे २ युनिट व ४०० फुटांवरून ८ युनिट वीज लागते. तापीकाठच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेल्याचा अनुभव शेतकऱ्यांनी घेतलाच आहे. विजेचे मोल शासनाने भरले, तरी उपसलेले पाणी कोणी परत भरून देत नाही. आणि कोळशावर तयार होणाऱ्या युनिटमागे सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो, तो कोणाचेही बिल माफ झाले म्हणून थांबत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनी यंदाच्या रब्बीपूर्वी आपल्या रोहित्रावरील सोबत्यांना एकत्र करावे, सर्वांनी एकाच आठवड्यात कपॅसिटर बसवावेत आणि महावितरणच्या स्थानिक अभियंत्यास शेतावर बोलावून आकडे तपासून घ्यावेत. दिवसाच्या पाळीची मागणीही गटानेच करावी. ज्यांच्या पूर्वजांनी पाटाचे पाणी भांडणाविना वाटून घेतले, त्यांना तारेतील वीज वाटून घेणे अवघड नाही.