गालिच्यावर सांडलेली हळद



मागच्या वेळी महेश्वरी साडीच्या घड्यांबद्दल लिहिलं, तेव्हा आपल्याच दोन-तीन मुलींनी विचारलं, "काकू, आईने दिलेला रेशमी गालिचा आहे. तो घरी कसा धुवायचा?"

घरी धुवायचा नाही. लेख इथेच संपवता आला असता. पण मी तो धुतलेला आहे, म्हणून पुढचं लिहिते.

आमचा गालिचा लहानच आहे, चार फूट बाय अडीच फूट. थंडीत शाली घेऊन धारला येणाऱ्या एका काश्मिरी फेरीवाल्याकडून बाबांनी तो १९७४ साली हप्त्यांवर घेतला. मोतिया जमिनीवर डाळिंबी वेल. माझ्या लग्नात तो माझ्याबरोबर देवासला आला. पवारांच्या एका गावातून पवारांच्याच दुसऱ्या गावात. फरक एवढाच की धारला गादी एक होती आणि देवासात थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका छोट्या पाहुणीचा पाय हळदीच्या करंड्याला लागला. वाटीभर हळद गालिच्यावर. कोरडी हळद होती. चमच्याने अलगद उचलली असती आणि उरलेली व्हॅक्यूमच्या नळीने ओढून घेतली असती, तर बहुतेक सगळी निघाली असती. पण घरात पंधरा बायका, प्रत्येकीकडे एक उपाय. मी ओला फडका घेतला, वर कपड्यांची पावडर टाकली आणि घासलं. पिवळं होतं ते लालभडक झालं.

यात चमत्कार काही नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. साबणाच्या पावडरीतला क्षारही तेच करतो. म्हणजे मी गालिच्यावर घासून घासून कुंकू तयार केलं! शिवाय रेशीम हे आपल्या केसांसारखं प्रथिन. हळदीचा रंग त्यावर तुरटीबिरटी न लावताही बसतो. सुती चादरीवरची हळद दोन-चार उन्हांत उडते, तसं इथे करायला जावं तर उन्हाने रेशीमच पिवळं आणि ठिसूळ होतं. आणि हल्लीच्या बऱ्याच पावडरींत प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइम असतात. डाग कुठला आणि धागा कुठला हे त्यांना काय कळणार?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी तो गच्चीवर नेऊन टबात बुडवला. डाळिंबी रंग सुटला आणि मोतिया जमिनीत उतरला.

आपल्याच धार जिल्ह्यातल्या बाघ गावचे खत्री छपाईचं कापड नदीच्या वाहत्या पाण्यात का धुतात, हे मला तेव्हा समजलं. वाहत्या पाण्यात सुटा रंग निघून जातो. साचलेल्या पाण्यात तो शेजारच्या कोऱ्या भागावर बसतो. लहानपणापासून बाघचे दुपट्टे वापरतेय, पण टबाशी उभी असताना हे आठवलं नाही. मग कठड्यावर टाकून कडक उन्हात वाळवला. खालचे सुती धागे आटले आणि गालिचा पापडासारखा वाकडा झाला.

तेव्हा मुलींनो, काही सांडलं तर पांढरा सुती कपडा दाबून टिपा, घासू नका. पाणी लावायचंच असेल तर आधी कोपऱ्यात ओला पांढरा कपडा मिनिटभर दाबून बघा. कपड्याला रंग लागला तर हात जोडून बाजूला व्हा. बाहेर धुवायला देताना दोनच प्रश्न विचारा: रंग आधी तपासता का, आणि सपाट ठेवून वाळवता का? उत्तर देताना माणूस चाचरला, तर गालिचा परत आणा. आणि हो, 'रेशमी' म्हणून विकलेलं सगळं रेशीम नसतं. लवेचा एक तंतू चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर व्हिस्कोज. ते ओलं झाल्यावर तर आणखीच कमकुवत होतं.

रोजचं काम थोडंच आहे. लवेवरून हात फिरवलात की एका दिशेने मऊ लागते, उलट दिशेने अडते. मऊ दिशेनेच झाडायचं. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश नको, आणि झालरीजवळ तर तो नेऊच नका. ठेवायचा झाला तर घडी न घालता गुंडाळायचा, जुन्या धोतरात. प्लास्टिकमध्ये ओल धरते. कसर लागते ती अंधारात, जिथे महिनोन्‌महिने कोणी हात लावत नाही तिथे. वेखंड, कडुलिंब ठेवा हवं तर, पण दोन महिन्यांनी उलगडून सावलीत वारा दिला नाही तर त्या पाल्याचा फारसा उपयोग नाही.

हे सगळं मला आईने कधीच सांगितलं होतं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, धारला भावाकडे असते. दर रविवारी फोनवर तिचा एक प्रश्न ठरलेला, "गालिचा उन्हात नाही ना टाकत?" आणि मी नऊ महिने "नाही गं" म्हणत राहिले.

दिवाळीत भाऊबीजेला भाऊ तिला घेऊन देवासला आला. गालिचा मी आधीच गुंडाळून कपाटामागे ठेवला होता. चहा व्हायच्या आत तिने विचारलंच. काढला, पसरला. ती खुर्चीतून वाकून बराच वेळ बघत राहिली. तो लालसर डाग, पसरलेला रंग, वाकडी कड. मी सगळं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. मग पायाने पलीकडचा कोपरा दाखवून म्हणाली, "तो बघ जरा."

तिथे एक तपकिरी छटा आहे. जुनेपणाची असेल असं मी समजत आले होते.

"चहा," आई म्हणाली. "घरात येऊन आठ दिवस झाले होते. तुझ्या बाबांचे हप्तेसुद्धा फिटले नव्हते. धारला दिवाण नेहमी त्याच कोपऱ्यावर का असायचा, कधी विचार केलास?"

मी कधीच केला नव्हता. उलट देवासलाही सवयीने त्याच कोपऱ्यावर दिवाण ठेवला होता, इतकी वर्षं.

"बाबांना कळलं होतं?"

"कशाला कळेल?"

भाऊ तेवढ्यात आत आला, म्हणून आम्ही दोघी चहाकडे वळलो.

गालिचा पुन्हा बैठकीत आहे. चहावर दिवाण, हळदीवर आरामखुर्ची. खुर्चीच्या पायांखाली लाकडी वाट्या ठेवल्यात आणि महिन्यातून एकदा ती वीतभर सरकवते, नाहीतर लव कायमची बसते. डाग थोडा दिसतो तेव्हा.