गाडीमागची गाडी

मराठीत ‘उलाळ’ असा एक फार उपयोगी शब्द आहे. दोन चाकांच्या गाडीत मागच्या अंगाला ओझे जास्त झाले, की पुढची दांडी आभाळाकडे जाते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते आणि गाडी उलाळ होते. वर्गात हा शब्द समजावून सांगायचा म्हणजे हल्ली मला फळ्यावर बैलगाडी काढावी लागते. माझी चित्रकला बेताची असल्यामुळे बैल काढायचे मी टाळतो. असा हा शब्द गेल्या उन्हाळ्यात नगरजवळच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये, तोही मोटारीच्या बाबतीत, माझ्या कानी पडला आणि मला मोठे समाधान वाटले.

तेथे माझ्या भाच्याचा ट्रेलर उभा होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन चाकांची एक लोखंडी पेटी. एका मंडपवाल्याने ती लग्नकार्यात जनरेटर वाहून नेण्यासाठी वापरली होती, आणि पुढे जनरेटर नादुरुस्त झाला तेव्हा पेटी कोपऱ्यात गंजत पडली. भाच्याने ती विकत घेतली. तिच्यात अंथरूण, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवायची, वर ताडपत्रीचा उघडमिटीचा तंबू करायचा आणि आपल्या बोलेरोच्या मागे जोडून, जेथे डांबरी रस्ता संपतो तेथे जाऊन मुक्काम करायचा, असा त्याचा बेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी यावर ‘भाड्याने खोल्या मिळतात की’ असा एकमुखी अभिप्राय दिला.

हा छंद विलायतेकडचा, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. इंग्लंडात विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक आरमारी डॉक्टर होते; मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यात स्वतःसाठी ‘वाँडरर’ नावाची एक घरगाडी बांधून घेतली. तिचे वजन सुमारे 2 टन, ओढायला दोन घोडे, आणि समोरच्यांनी वाट द्यावी म्हणून पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकर. हौसेने चाकावर राहायची रीत इंग्रजांत त्यांच्यापासून सुरू झाली, असे मानतात. पण नगरकरांनी त्यात फार नवल मानू नये. आमच्या भिंगारला 1707 साली ज्याने देह ठेवला, त्या औरंगजेब बादशहाने आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे दख्खनेत छावणीतच काढली. मोगलांच्या छावणीत बादशाही तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. नोकराला सायकलवर पुढे पाठवणारे डॉक्टरसाहेब या मानाने काटकसरीचेच म्हणायचे.

भाच्याच्या पेटीचे गोत्र मात्र बादशाही नाही, शिपायी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जीपच्या मागे जोडण्यासाठी पाव टनी ट्रेलर काढला. रिकामा सुमारे 550 पौंड भरायचा, आणि आडरानात त्यात 500 पौंड माल भरावा असा नियम होता. त्याची चाके जीपचीच, म्हणजे एकच जादा चाक दोघांना पुरे. पेटी अशी बंद बांधणीची, की नदी आडवी आली तर ती पाण्यावर तरंगे. नगर हे लष्करी गाव. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा येथे, सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी संस्था येथे, 1994 साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय येथे. तेव्हा रस्ता नसलेल्या ठिकाणी चाक कसे न्यावे, हा प्रश्न या गावाला परका नाही. भाच्यानेही त्या जुन्या ट्रेलरचा धडा गिरवला आणि पहिल्याप्रथम पेटीला बोलेरोचीच चाके बसवून घेतली.

आता त्या शेडमधला कारागीर. हा मूळचा पाथर्डी तालुक्यातला, आणि त्याचा नेहमीचा धंदा उसाच्या टायरगाड्या बांधण्याचा. बैलांची, पण रबरी टायरवर चालणारी ही लोखंडी गाडी आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आवारात हंगामात शेकड्यांनी दिसते. भाच्याने त्याच्यापुढे कागदावर काढलेला आराखडा ठेवला. पाण्याची साठ लिटरची टाकी, स्वयंपाकाचा सगळा सरंजाम, गॅसची टाकी, जादा चाक, सारे मागच्या फळीपाशी. पुढे नुसते अंथरूण. कारागिराने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, “गाडी उलाळ व्हनार, सायेब.”

बैलगाडी उलाळ झाली तर बैल मान वर करून थांबतात आणि गाडीवान खाली उतरतो. मोटारीच्या मागची गाडी उलाळ झाली तर गोष्ट याहून वाईट. मागच्या ओझ्याने ट्रेलर मोटारीचा मागचा भाग उचलू पाहतो, आणि वेग वाढला की शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो; पुढे तो झोका मोटारीलाही सोबत नेतो. म्हणून या विषयातले जाणते सांगतात, की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांडीवर पडला पाहिजे. पाचशे किलोचा ट्रेलर असेल तर पन्नास किलो. ते मोजायला यंत्र नको. घरात ज्याच्यावर उभे राहून आपण दिवाळीनंतर हळहळतो, तो काटा दांडीखाली ठेवला की झाले. कारागिराने काटा वगैरे मागितला नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात आणि तोही लहानपणी गाडीवर बसून गेलेला. त्याने एका वाक्यात आराखडा दुरुस्त केला : “पोतं आखावर, पोरं पुढं, भांडी मागं.” पाणी हे पोत्याच्या जागी. साठ लिटर म्हणजे साठ किलो. ते आखाच्या बरोबर वर आणि होईल तितके खाली. टाकी तेथे गेली, जादा चाक पुढे दांडीवर गेले, आणि मागे हलकी भांडी राहिली.

दांडीही त्याने हातभर लांब करून दिली. आखूड दांडीचा ट्रेलर मागे घेताना फार झटकन वळतो. मुळात मोटार मागे घेताना ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवावे लागते. ही उलटी भाषा शिकायला भाच्याला रिकाम्या मैदानावर दोन रविवार लागले. पुढे दांडीखाली टेकायला त्याने एक उभा पाय बसवला. बैल सोडल्यावर गाडीची दांडी ज्या लाकडी टेकूवर उभी राहते, त्याला आपल्याकडे ‘शिपाई’ म्हणतात. मुक्काम संपेपर्यंत एका पायावर उभा राहणारा, म्हणून शिपाई. नाव ठेवणाऱ्याने पहारेकरी नीट पाहिलेला असला पाहिजे.

आडरान म्हटले की चित्रांत खडक दिसतात. आपल्या जिल्ह्याचे आडरान दोन तऱ्हेचे आहे. पश्चिमेला अकोल्याकडे भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड. तेथे दगड आणि पाऊस. पूर्वेला शेवगावकडे काळी जमीन, आणि ती दगडापेक्षा कठीण परीक्षा घेते. पावसात ही माती चाकाला लिंपत जाते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या जागेत भरते, आणि शेवटी चाक फिरायचे थांबून नांगरासारखे ओढले जाते. म्हणून मडगार्ड चाकापासून चांगला वीतभर उंच घेतला. कमानपाटे नवे घातले, आणि जनरेटरच्या ओझ्याचे जाड पाटे काढून थोडे मऊ घेतले. नाहीतर हलकी पेटी प्रत्येक खड्ड्यात चेंडूसारखी उडते आणि आतल्या बरण्यांचा चुरा होतो. गॅसच्या टाकीचा कप्पा बाहेरून उघडणारा केला व त्याच्या तळाला भोके पाडली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो.

सरकारी बाजूही आहेच. ट्रेलरची वाहन म्हणून नोंदणी लागते, आणि वाहनाच्या मूळ रचनेत फेरबदल करायचे तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आडवे येते. तेव्हा परवानगी आधी, वेल्डिंग नंतर. त्याच कायद्याने ट्रेलरवर त्याचा स्वतःचा क्रमांक हवा, आणि ओढणाऱ्या मोटारीचाही हवा. माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही मिरवणारी ही एकच गाडी असावी.

येथवर सारे काम पुरुषमंडळींच्या उत्साहात झाले. मग भाचेसून शेडवर आली. ती उंचीने जेमतेम पाच फूट. मागची फळी उघडली, शेगडीचा खण बाहेर ओढला, आणि ती त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा शेगडी तिच्या जवळजवळ छातीपाशी आली. काळ्या मातीसाठी पेटी उंच घेतलेली. तळ जमिनीपासून 29 इंच, त्यावर खण, त्यावर शेगडी, एकूण 39. घरचा ओटा 32 इंचांचा. भाच्याने लगेच हिशेब मांडला, की एक लाकडी पाट ठेवला की प्रश्न मिटला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, घरातून चार दिवस बाहेर पडायचं, ते रानात पाटावर चढून पोळ्या लाटायला का? ओटा इतकाच उंच राहू दे. यांच्या उंचीला अगदी बरोबर आहे.”

कारागीर हसला नाही. पेला खाली ठेवून तो आपल्या आईविषयी बोलू लागला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत माणसे लिहीत नाहीत, कोयते लिहितात. उचल मिळते ती कोयत्यावर. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले, आणि कोरडवाहू पाथर्डी-शेवगावची आणि शेजारच्या बीडची माणसे दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडीवर संसार बांधून निघू लागली. गाडी दिवसा उसाची. संसार उतरतो तो फडाजवळच्या कोपीत. “आई तीनला उठायची,” तो म्हणाला. “भाकरी थापायची, मग फडात. बाप तोडायचा, ती मोळ्या बांधून गाडीत भरायची. सांजच्याला परत चूल. कोयता एक, पर चूल तिची एकलीची.” त्याच्या आईची चूल जमिनीवर होती, तिला उंचीचा प्रश्न कधी पडला नाही.

मी त्याची आणि भाच्याच्या हौसेची तुलना करीत नाही. करणे बरेही नाही. एकाला चार दिवस जायचे आहे, तिला पाच-पाच महिने जावे लागे. पण ज्या हातांनी हा ट्रेलर नीट केला, त्यांचे ज्ञान कोठून आले हे त्या दिवशी कळले. आखावर पोते ठेवायचे शहाणपण कोणी हौसेने शिकलेले नव्हते.

ओटा 39 इंचच राहिला. आता भाऊबीज आटोपली की दोघे भंडारदऱ्याला निघणार. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले. त्याच्या काठच्या शेंडी गावाच्या बाजूला मुक्काम करायचा विचार आहे. सभोवतालचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने वाटेल तेथे शिपाई टेकता येणार नाही. वनखात्याला विचारून जागा ठरवावी लागेल, आणि ती चौकशी भाच्याने केली आहे. ट्रेलर भरून झाला. दांडी काट्यावर ठेवली. 48 किलो भरले. कारागिराला ते दूरध्वनीवरून कळवले, तर त्याने विचारले, “पानी भरून का रिकामं?” पाणी भरूनच.

राहिला स्वयंपाकाचा प्रश्न. भाच्याला पिठले येते आणि भात येतो. पोळ्यांची परीक्षा ताईने आमच्याच घरी घेतली. नकाशे वाचायला शिकणाऱ्याला त्या उपयोगी पडाव्यात अशा झाल्या होत्या. तेव्हा चार दिवस पिठलेभात. भाचेसुनेने आपल्या सामानात दोन कादंबऱ्या आणि एक घडीची खुर्ची घेतली आहे, आणि मिठाचा डबा कोठे ठेवला आहे ते मुद्दाम विचारलेले नाही.