नैराश्यावरची गोळी: पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे

भिवंडीत यंत्रमागाची पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची आणि मजुरी विणलेल्या कापडावर. अशा कामगाराला नैराश्यावरची गोळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत मळमळते, डोके दुखते, झोपेचे गणित बिघडते. उदासी मात्र जशीच्या तशी. 'गोळीनेच आजार वाढला' असे म्हणून तो औषध बंद करतो. यात त्याचा दोष थोडा. या औषधांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण उशिरा येतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत असते, म्हणून पहिली तक्रार पोटाची. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. जेवणानंतर गोळी घेतली तर त्रास कमी होतो. मन सावरायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला त्याहून अधिक.

अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते आणि गुंगी येते. चिठ्ठीवर 'रात्री एक' लिहिलेले असते. रात्रपाळीचा माणूस ती घेऊन थेट चालत्या मागापुढे उभा राहतो. म्हणून आधी पाळी कोणती ते विचारावे आणि गोळी 'झोपण्यापूर्वी' असे लिहावे, मग ती झोप सकाळची का असेना.

सगळेच त्रास आपोआप जात नाहीत. कामेच्छा कमी होणे, वजन वाढणे हे टिकू शकतात. पहिल्या तक्रारीबद्दल रुग्ण लाजून बोलत नाही आणि गोळी मुकाट्याने सोडतो. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यावर उपाय निघतो. अंगदुखीसाठी रोज आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना जरूर सांगावे. दोन्ही औषधे एकत्र आली की पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा इशारा २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. अशा वेळी घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि लगेच डॉक्टरांना गाठावे.

गावी जाताना गोळ्या संपल्या, म्हणून एकदम बंद केल्या, असेही घडते. मग चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. हे व्यसन नव्हे. पण औषध टप्प्याटप्प्यानेच कमी करावे लागते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचे दिसले. उरलेले पंधरा जण निव्वळ माहितीअभावी गळत असतील, तर ती आमच्या व्यवस्थेची जबाबदारी ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २२ रुग्णाला उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क देते, तेही त्याला समजेल अशा भाषेत. भिवंडीत ही भाषा मराठी असेल, तशीच हिंदी, उर्दू किंवा तेलुगूही असेल. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी खरी आहे. पण 'पंधरा दिवस त्रास होईल, गोळी सोडू नका, त्रास फार झाला तर लगेच या' एवढे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. औषध देणारा फार्मासिस्ट किंवा परिचारिकाही ते सांगू शकते.

रुग्णांनीही औषध दुकानदाराच्या सल्ल्याने ही औषधे सुरू किंवा बंद करू नयेत. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. औषधाचा दुष्परिणाम झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. गोळी नकोशी झाली, तर सोडण्याआधी एकदा विचारा.