बदनाम वीज

उरणात दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर जुन्या रेडिओग्रामांवर दोन संकटे कोसळतात. एक परतीच्या पावसातली वीज, दुसरे घराची साफसफाई. माझे स्पष्ट मत असे की, पहिलीपेक्षा दुसरीनेच अधिक बळी घेतले आहेत. वीज कडाडते, कोपऱ्यातले ते सागवानी धूड एकदा खरखरून गप्प होते आणि घरातले कर्ते चिरंजीव लागलीच निकाल देतात, "जळलं! द्या भंगारात." वैद्य न बोलावताच तिरडी बांधायला घ्यावी, तसा हा प्रकार!

अहो, पण जळले म्हणजे नेमके काय जळले? वीज बहुधा दूर कोठे तरी पडते आणि तिचा धक्का विजेच्या तारांतून किंवा छपरावरच्या एरियलमधून आत शिरतो. तारांतून आला तर फ्यूज, ट्रान्स्फॉर्मरचे पहिले वेटोळे, फार तर रेक्टिफायर नि एखादा कंडेन्सर जातो. एरियलमधून आला तर एरियलचे कॉइल. आजची नाजूक यंत्रे अशा झटक्याने जागच्या जागी ठार होतात. काचेचे व्हॉल्व्ह मात्र क्षणभराचा वाढीव दाब पुष्कळदा पचवून टाकतात.

"सामान कुठं मिळतं हल्ली?" हा दुसरा बहाणा. ट्रान्स्फॉर्मर नव्याने गुंडाळून देणारे वाइंडिंगवाले आजही आहेत. ईएल ८४, ईसीसी ८३ हे व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात अजून तयार होतात, कारण गिटारवाल्यांना ते हवे असतात. आणि २०२४ मध्ये उरणला लोकल आल्यापासून लॅमिंग्टन रोडचे निमित्तही पुरत नाही.

अर्थात दुरुस्त करणाराही जाणता हवा. एका दुकानदाराने माझ्या डोळ्यांदेखत विजेचा मार खाल्लेल्या सेटचा प्लग सरळ भिंतीत खोचला आणि विजेने शाबूत ठेवलेला ट्रान्स्फॉर्मर स्वतः जाळला! जाणता माणूस आधी मीटर लावतो, मग साठ वॅटचा जुन्या तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडतो. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कोठे तरी शॉर्ट आहे. पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. घरी मात्र कोणी पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरात शेदोनशे व्होल्ट दडून राहू शकतात.

खरा गुन्हेगार निराळाच आहे. या गावात १९८२ पासून वायूवर वीज तयार होते. आणि घरोघरी तीन पिनांच्या सॉकेटातले वरचे भोक पाहावे, तर पुष्कळदा नुसते शोभेचे! अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा खाऱ्या हवेने तिचा सांधा खाल्लेला असतो. अर्थिंग नसेल तर तो महागडा स्पाइकगार्डही निम्मा लंगडा. रेडिओग्रामचे सोडा, त्याच भोकाच्या भरवशावर आपली पोरेबाळे फ्रिजला हात लावतात. आकाशकंदिलाची माळ लावायला वायरमन येईलच. त्याच्याकडून एवढे तपासून घ्यायला कोणाची ना आहे?

आणि ढग दाटले की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा, एरियलही काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. मैलभर हवा ओलांडून आलेल्या विजेला बटणातली ती गव्हाएवढी फट काय अडवणार?