धक्का कुणाचा?

मनमाडकरांना धक्क्याचं काय नवल! जंक्शनवर गाडी लागली की उतरणारे नि चढणारे एकाच दारात भिडतात आणि दोघंही ओरडतात, ‘दिसत नाही का?’ तिथे निकाल कुणीच लावत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र रेफरीला तो सेकंदात लावावा लागतो. सुट्टीत मनमाडला गेलो की पोरांच्या मॅचची शिट्टी हमखास माझ्या गळ्यात पडते, म्हणून आज हा विषय.

पहिला गैरसमज : जो पडला तो बिचारा. नाही हो! आणि धक्का लागला म्हणजे फाऊल झालाच, असंही नाही. आधी बघायचं, ती जागा कुणाच्या हक्काची होती.

नियमांनी प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य सिलिंडर कल्पिलाय. तो त्याच्या अंगापुरताच, पण वर हवेतही त्याचाच. डिफेंडरनं हात उभे ठेवून सरळ वर उडी मारली आणि समोरचा येऊन आदळला, तर जबाबदारी आदळणाऱ्याची. हात पुढे झुकले, की डिफेंडरची.

दुसरा गैरसमज : डिफेंडर पुतळ्यासारखा उभा हवा. मुळीच नाही! आधी समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, मग मागे किंवा बाजूला सरकायला मोकळीक. अशा वेळी बॉलवाला थेट छातीवर आला, तर तो चार्ज. पण बॉलवाला हवेत झेपावल्यावर डिफेंडर वाटेत घुसला, तर ब्लॉकिंग.

फरक केवढा बघा. बॉल हातातून सुटण्याआधी चार्ज झाला, तर बास्केट रद्द आणि बॉल समोरच्या टीमला. त्याच धडकेला ब्लॉकिंग दिलं आणि बॉल आत गेला, तर २ पॉइंट्स, वर १ फ्री थ्रो. शिवाय ज्याचा हा पाचवा फाऊल, तो मॅचबाहेर. जिल्ह्याच्या टीमची स्वप्नं बघणाऱ्या पोराला बेंचवर पाठवताना पोटात कालवतं, खरंच.

मग चुकायचं नसेल तर? बॉल सोडा, डिफेंडरचे पाय बघा. प्रेक्षकांची नजर बॉलवर असते, त्यांना फक्त धडक दिसते. तिच्याआधी कोण कुठे पोचलं होतं, हे बघायला रेफरी ठेवलेला असतो. पुढच्या मॅचला तुम्हीही पाय बघा, आणि मगच काय त्या शिव्या घाला!