पगाराचा आकडा आधी ठरू द्या

चंद्रपूरचा गोल बाजार घ्या, नाहीतर वडसा, अहेरीची बाजारपेठ घ्या. आपल्या दुकानांत माणूस कामावर ठेवण्याची रीत एकच. बाप पोराला घेऊन येतो आणि म्हणतो, "चाचा, पोरगा तुमच्या हवाली केला, द्याल ते द्या." मालक म्हणतो, "आधी काम तर बघू." चहा होतो, पोरगा ताके उचलू लागतो आणि पगार किती हे त्याला महिनाअखेरीस कळते. लोक याला अदब म्हणतात. आम्ही याला कच्चा मामला म्हणतो.

शरीअतचे म्हणणे याबाबत स्पष्ट आहे. हनफी फिकाहप्रमाणे उजरत न ठरवता केलेला मजुरीचा करार फासिद ठरतो. काम होऊन गेले असेल तर बाजारात तशा कामाची जी मजुरी चालते ती, म्हणजे उजरत-ए-मिस्ल, द्यावी लागते. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. पण जी ठरलीच नाही ती वेळेवर देणार कशी? सूरह कससमधला मदयनचा किस्सा आठवा. तिथल्या बुजुर्गांनी हजरत मूसा अलैहिस्सलाम यांना आपल्या मुलीच्या निकाहाबरोबर आठ वर्षांच्या चाकरीची अट आधीच सांगितली. दहा पुरी केली तर तुमची मर्जी, तुम्हाला जाच करणार नाही, हेही बोलून टाकले. पैगंबरांशी बोलताना ज्याचा संकोच झाला नाही, त्याचा आपण का करावा?

आपल्या जंगल मुलखात तर ही गोष्ट नवी नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात शेकडा पुड्यांचा दर किती, ही चर्चा आधी होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. गाव अडून बसले. २७ एप्रिल २०११ रोजी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि मग ग्रामसभेने स्वतः निविदा मागवून बांबू विकला. मागणाऱ्याला कोणी बेअदब म्हटले नाही.

आपली आयटीआय झालेली पोरे मात्र बल्लारपूर, घुग्घुस, कोनसरीकडे मुलाखतीला जातात आणि "अपेक्षा किती?" या प्रश्नावर मान खाली घालून म्हणतात, "आप जो मुनासिब समझें." समोरच्या साहेबाचे मुनासिब हे त्याला सर्वांत स्वस्त पडेल तेच असणार, त्यात त्याचा दोष नाही, तोही खरेदीलाच बसला आहे. शेजारच्या खुर्चीवरचा उमेदवार आकडा सांगून मोकळा होतो.

पोराने जाण्याआधी तेच काम करणाऱ्या तिघा-चौघांना भाव विचारावा. खोलीचे भाडे, एस.टी.चा खर्च, खानावळ मांडावी. मग इतक्यापासून इतक्यापर्यंत, असे सरळ सांगावे आणि खालचा आकडा असा धरावा की ज्यावर खरोखर भागेल. घरची तंगी, बहिणीचे लग्न हे तिथे काढू नये. त्याने दया येते, भाव वाढत नाही. आपल्याला काय येते ते सांगावे. आणि एक प्रश्न हमखास विचारावा: कागदावर किती आणि हातात किती? भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के कापले की आकडा बदलतो. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, पगार कोणत्या तारखेला, हेही तिथेच विचारावे.

आता आपल्या दुकानदार बांधवांकडे वळू. आकडा सांगितला तर पोरगा शेजारच्या दुकानात जाईल, ही त्यांची भीती. अहो, तो तसाही जातो, आणि नेमका लग्नसराईत जातो, जेव्हा गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखू लागलेले असते. शिलाईच्या कारागिराशी नगावर दर ठरतो, म्हणून तिथे भांडण कमी. भांडण होते ते उचलीवरून आणि रमजानच्या रात्रीच्या कामावरून, कारण त्याचे बोलणे झालेलेच नसते.

एका चिठ्ठीवर पगार, तारीख, जुम्म्याची सुटी, उचल कशी कापायची आणि रमजानच्या जादा वेळेचे किती, एवढे लिहून एक प्रत पोराच्या बापाला द्यावी. ईदी त्यात धरू नये, ती खुशीची बाब आहे.