वेताळाची गोष्ट वर्गात सांगावी का?

"सर, तुमी लेकराईले भुताच्या गोष्टी काहून सांगता? पोरगं रातच्याला एकटं अंगनातही जात नाही."

मागच्या महिन्यात एका पालकाने शाळेच्या फाटकातच मला गाठून हे विचारलं. बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. चौथीच्या वर्गाला मी दर शनिवारी वेताळ पंचविशीतली एक गोष्ट सांगतो, त्याबद्दलची ही तक्रार. त्याच आठवड्यात एका सहकारी शिक्षकाने दुसऱ्या बाजूने टोकलं. म्हणाले, "जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात आपण मुडदे आणि मंत्र शिकवायचे का?" दोघांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

शिक्षक मित्रांनो, आधी एक मान्य करू. आपण सांगितलं नाही म्हणून मुलांपर्यंत मुडदे पोचत नाहीत, असं काही नाही. माझ्या वर्गातला एक जण 'सोलो लेव्हलिंग' नावाच्या कोरियन कथेवरची मालिका मोबाईलवर बघतो. त्याने मला नीट समजावून सांगितलं: नायक राक्षसाला मारतो, मग "ऊठ" म्हणतो, आणि मेलेल्याची सावली उठून त्याची शिपाई होते. जेवढे जास्त मेले तेवढी फौज मोठी. मीही दोन भाग बघितले. मालिका वाईट नाही, चित्रं तर फारच भारी आहेत. पण मेलेल्याला उठवून कामाला लावायचं, ही तिथे नायकाची कमाई आहे. आपल्या जुन्या गोष्टीत हेच काम खलनायक करतो.

वेताळाची मूळ चौकट आपल्यापैकी बऱ्याच जणांना अर्धीच आठवते. १९८५ ची दूरदर्शनवरची मालिका किंवा 'चांदोबा'तलं ते चित्र डोळ्यांपुढे येतं. राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार. पण राजा तिथे गेला कशाला? सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या ग्रंथात, हा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. (मुलांना हे सांगितलं की वेताळ एकदम जवळचा होतो. जायकवाडीला सहलीला गेलेली पोरं तर उड्याच मारतात.) क्षांतिशील नावाचा साधू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. बरीच वर्षं असं चालतं. एक दिवस माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. राजा उपकाराखाली दबतो आणि साधूच्या सांगण्यावरून मध्यरात्री स्मशानात जाऊन झाडावरचं प्रेत आणायला कबूल होतो. त्याला ना मंत्र हवा आहे ना सिद्धी. दिलेला शब्द पाळायचा म्हणून बिचारा ओझं वाहतोय.

आणि शेवट? चोविसाव्या कोड्यावर राजा गप्प राहतो, तेव्हा वेताळच त्याला सावध करतो की साधू तुझा बळी देणार आहे. "साष्टांग नमस्कार घाल" असं तो म्हणाला की "कसा घालायचा ते आधी दाखवा" असं म्हण. साधू दाखवायला वाकतो आणि राजा त्याचं डोकं उडवतो. मग वेताळ वर मागायला सांगतो, तर राजा मागतो काय? या गोष्टी जगभर प्रसिद्ध होवोत! शिक्षक म्हणून मला हा राजा फार आवडतो.

आता त्या पालकाच्या तक्रारीकडे येतो. चूक माझी होती. त्या शनिवारी गोष्ट स्मशानापर्यंत आली आणि शाळा सुटायची वेळ झाली. मी "उरलेलं पुढच्या शनिवारी" म्हणालो आणि वीस-बावीस लेकरांना आठवडाभर स्मशानात उभं करून घरी आलो. भूत वर्गात असतं तोवर मुलं हसतात, एकमेकांना चिमटे काढतात. गोष्ट तुटली की भूत त्यांच्यासोबत घरी जातं. तेव्हापासून वेळ कमी असेल तर वेताळाला हातच लावत नाही, कोल्हा-करकोचा सांगतो.

सहकाऱ्यांच्या मुद्द्याला मात्र मी हात टेकणार नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्याची अनुसूची प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावी. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, दोराने किंवा साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गोष्ट सांगणं त्यात नाही. आणि फळात रत्न लपवून आधी विश्वास कमावणारा, मग बळी मागणारा क्षांतिशील मुलांना भेटला नाही, तर उद्या तसा माणूस समोर आला की ती ओळखणार कशी?

हे हवेतलं बोलत नाही. मागच्या वर्षी वर्गातली एक मुलगी परिपाठाला उभी असताना खाली कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मुलं मागे सरकली, कोणी तरी म्हणालं, "तिच्या आंगात आलं." मी तिला कुशीवर वळवलं, बाजूचे दगड सरकवले, दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली. त्यानंतर बारा दिवस ती शाळेत आली नाही. आली तेव्हा मनगटाला काळा दोरा होता आणि डोळे सुजलेले. दोन गावं सोडून एका बाबाने मिरचीची धुरी दिली होती. तिच्या बाकावर तिच्याशेजारी कोणी बसेना.

त्या शनिवारी मी काही ठरवून क्षांतिशीलाची गोष्ट काढली नव्हती, क्रमाने तीच आली. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, थो धुरी देनारा बाबा बी क्षांतिशीलच असन का?" वर्ग चिडीचूप. मुलगी खाली बघत होती. मी म्हणालो, त्याच्या मनातलं मला माहीत नाही, पण तिला झालं त्याला मिरगी म्हणतात, तो मेंदूचा आजार आहे आणि त्याच्यावर गोळ्या आहेत. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. आजी ऐकेना, आई ऐकत होती. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालय, असे हेलपाटे झाले. गोष्टीने झटके थांबले नाहीत, ते औषधाने थांबले. पण तिच्या शेजारी पुन्हा मुली बसायला लागल्या, त्यात त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचा वाटा नक्की आहे.

मेलेल्याला उठवण्याच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीत ही विद्या जड जाते. शुक्राचार्यांचंच बघा. संजीवनी विद्या येते, तरी लेकीच्या हट्टापायी कचाला दोनदा उठवून ते थकलेले. तिसऱ्यांदा कचाची राख मद्यातून त्यांच्याच पोटात गेली, तेव्हा "गेलेला जाऊ दे" असं ते देवयानीला समजावतात. ती मानत नाही. शेवटी स्वतः मरायची तयारी ठेवून पोटातल्या शिष्याला विद्या द्यावी लागते. खाडिलकरांनी याच प्रसंगावर १९१३ मध्ये 'विद्याहरण' लिहून दारूवर कोरडे ओढले. चौथीला ही गोष्ट जरा अवघड जाते, सातवीला जमते.

चौथीसाठी माझी आवडती म्हणजे चार भावांची. एक जण हाडावर मांस चढवतो, दुसरा कातडं आणि केस, तिसरा सगळे अवयव पुरे करतो, चौथा प्राण फुंकतो. सिंह उठतो आणि चौघांनाही खातो. दोष कोणाचा? राजा म्हणतो, चौथ्याचा. बाकीच्यांना प्राणी कोणता ते कळलं नव्हतं, याने सिंह डोळ्यांनी बघून जीव घातला.

फाटकावरच्या त्या पालकांना मी म्हणालो होतो, एका शनिवारी येऊन बसा. ते आले, दाराजवळ सतरंजीवर बसले. त्या दिवशी हीच गोष्ट होती. मी प्रश्न विचारला आणि मुलांच्या आधी त्यांचाच आवाज आला, "एकट्या चौथ्याचा कसा काय? पहिल्यानं हाडूक उचललंच कायले?" त्यांचा मुलगा ताडकन उठला, "नाही बाबा, त्याले मालूमच नव्हतं हाडूक कोनाचं हाय ते!" शाळा सुटायची वेळ टळून गेली, तरी बापलेकांचं मिटत नव्हतं.